शेवटच्या पन्नास फुटांसाठी जुळवलेला कॉम्प्युटर

जुन्या लॅपटॉपवर, विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये, मी जवळजवळ दीड वर्ष सेसना १७२ हे छोटं विमान उडवलं. टेकऑफ जमायचा, वळणं जमायची, नकाशा बघून पुढचा विमानतळ शोधणंही जमायचं. माळरानावरच्या एकट्या धावपट्टीवर विमान उतरवताही यायचं. पण माझं मन अडकलं होतं न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर. नैऋत्येकडून क्वीन्सच्या घरांवरून येत ४ नंबरच्या धावपट्टीवर उतरायचं, डावीकडे मॅनहॅटनच्या इमारती बघत. ते लँडिंग एकदाही जमलं नाही. दोन हजार फुटांवर सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस चित्रं, मिळत. धावपट्टी जवळ आली की त्या अकरा-बारावर येत आणि मधेच चित्र अर्धा सेकंद थिजून जाई. चित्र सुटायचं तेव्हा विमान आपटलेलं असायचं.

बरेच महिने मला वाटत होतं की माझाच हात बसलेला नाही. मग एके रात्री कागदावर हिशेब मांडला. उतरताना विमानाचा वेग ६५ नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. तीन अंशांच्या उतारावरून त्या वेगाने येणारं विमान सेकंदाला पावणेदोन मीटर खाली येतं, म्हणजे अर्ध्या सेकंदात जवळजवळ तीन फूट. चाकं टेकवण्याआधी नाक हळूहळू वर घ्यायचं असतं, ज्याला फ्लेअर म्हणतात, ते जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर सुरू होतं. त्यातले तीन फूट चित्राविना गेले, तर हाताने काय दुरुस्त करायचं? हात पडद्याकडे बघूनच हलतो. मला नवा कॉम्प्युटर हवा होता, आणि तो नेमका कशासाठी हवा हेही त्या कागदावर लिहिलेलं होतं.

पैसे मोजके होते. त्यामुळे प्रत्येक भाग घेताना मी एकच प्रश्न विचारला: शेवटच्या पन्नास फुटांत याचा उपयोग किती?

आधी दुखणं कुठे आहे ते शोधलं. मी २०२० साली आलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर वापरत होते. लॅपटॉपवर रिझोल्युशन खूप खाली आणून पाहिलं. ग्राफिक्सच्या चिपवर ताण असता तर फ्रेम लगेच वाढल्या असत्या. ला ग्वार्डियाजवळ एखाददुसरी फ्रेम वाढली, तेवढंच. सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की फ्रेमचा एक छोटा तक्ता दिसतो आणि नेमकं कोण अडवतंय ते तिथे लिहून येतं. माझ्या तक्त्यात जमिनीलगत दरवेळी एकच शब्द असायचा: मेनथ्रेड.

या शब्दाने माझी खरेदीची सगळी यादी बदलली, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. सिम्युलेटरला दर फ्रेमला पुष्कळ कामं असतात. विमानाच्या हालचालीचं गणित, कॉकपिटमधले पडदे, विमानतळावरच्या गाड्या आणि इतर विमानं, शिवाय दिसणारी प्रत्येक वस्तू ग्राफिक्स कार्डाकडे धाडण्याची तयारी. यातलं बरंचसं काम एकामागून एक, कामांच्या एकाच मुख्य धाग्यावर होतं; तोच मेनथ्रेड. प्रोसेसरला सहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असोत की सोळा, तो धागा एका वेळी एकाच कोअरवर धावतो. उंचावर खाली फक्त जमीन आणि ढग असतात, म्हणून तिथे त्याला फुरसत असते. विमानतळाजवळ आलं की इमारती, दिवे, गाड्या, माणसं सगळं एकदम अंगावर येतं. म्हणजे ज्या क्षणी हाताला ताजं चित्र सर्वांत जास्त हवं, त्याच क्षणी प्रोसेसर सर्वांत जास्त गुंतलेला असतो.

अर्धा सेकंद थिजण्याचं कारण वेगळं निघालं. लॅपटॉपची रॅम ८ जीबी होती. सिम्युलेटरची किमान गरज तेवढीच लिहिलेली आहे, पण १६ जीबी असावी अशी शिफारस आहे आणि उत्तम म्हणून ३२ जीबी सांगितली आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकतो आणि लागेल तसा परत आणतो. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या डिस्कवरून तो यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चित्र थांबून राहतं.

गेमिंग पीसी म्हटलं की बहुतेक सगळे आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवतात. गोळीबाराच्या खेळांना ते चालत असेल. मी यादी उलटी लिहिली. वर प्रोसेसर आणि रॅम, मग जॉयस्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, त्याखाली ग्राफिक्स कार्ड.

प्रोसेसर निवडताना दोन नावं समोर होती, एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६००. दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही एप्रिल २०२२ मध्ये आलेले, दोन्ही मदरबोर्डवरच्या एएम४ नावाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, बसणारे. ५५०० स्वस्त. बरेच जण म्हणाले, तोच घे, फरक कळणारही नाही. पण ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२ एमबी. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलीच छोटी, अतिशय वेगवान मेमरी. मेनथ्रेडला लागणारी माहिती तिथेच सापडली तर रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. फ्लाइट सिम्युलेटरला कॅशची भूक किती असते हे रायझन ७ ५८००एक्स३डी आल्यावर सगळ्यांना दिसलं. त्यात ९६ एमबी एल३ कॅश आहे आणि सिम्युलेटर उडवणाऱ्यांत त्याचं नाव अजून निघतं. तो मला परवडणारा नव्हता. पण सॉकेट तोच असल्यामुळे पुढे कधीतरी मदरबोर्ड न बदलता त्याच जातीचा प्रोसेसर बसवता येईल, हेही मनात धरून ५६०० घेतला.

मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा घेतला. बी४५० चालला असता, पण मनात असलेलं ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतं. जुन्या पिढीच्या बोर्डावर त्या आठ लेनांचा वेग निम्मा होतो. ५५०० प्रोसेसरचंही तेच, तोही जुन्याच पिढीचा पीसीआय एक्सप्रेस देतो. शिवाय या बोर्डाला मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण होतं. बोर्डातलं बायॉस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, प्रोसेसरपेक्षा जुनं निघालं, तर पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसरशिवायही ते बदलता येतं. मला ते वापरावं लागलं नाही, पण पहिल्यांदाच बोर्ड जोडणाऱ्या माणसाला असं बटण असल्याचा मोठा आधार असतो.

रॅम डीडीआर४, ३२०० वेगाची, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. ३२ ची एकच पट्टी मुद्दाम टाळली, कारण दोन पट्ट्या असल्या की मेमरीच्या दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारा साठा, वेगवान एनव्हीएमई जातीचा, १ टीबीचा. हा सिम्युलेटर दीडशे जीबी जागा मागतो, त्यावर आपण विमानं आणि विमानतळ चढवत जातो, त्यामुळे ५०० जीबी लवकर भरला असता.

ग्राफिक्स कार्ड वापरलेलं घेतलं, रॅडिऑन आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी आणि १३२ वॅटची भूक. १०८० पिक्सेलच्या माझ्या पडद्याला ते पुरतं. वापरलेलं कार्ड घेताना भीती वाटतेच, म्हणून विकणाऱ्याला सांगून ते समोर वीस मिनिटं पूर्ण भाराखाली चालवून घेतलं. पंख्यांवर कान ठेवला, खरखर नव्हती. तापमान चढलं आणि एका जागी स्थिरावलं, चढतच गेलं नाही. पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटल्या नाहीत. मागचे स्क्रू बघितले, कुणी उघडल्याच्या खुणा नव्हत्या. एवढं झाल्यावरच पैसे दिले.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट, कार्ड १३२, बाकी सगळं मिळून पन्नासच्या आसपास. म्हणजे तीनशेच्याही आत. नाव न ऐकलेला ४५० वॅटचा डबा कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळत होता. तो न घेता ८० प्लस ब्रॉन्झ हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला, चांगल्या परीक्षणांचा ५५० वॅटचा घेतला. पॉवर सप्लाय बिघडला तर एकटा बिघडत नाही, बाकीचे भाग बरोबर घेऊन जातो. कॅबिनेट मात्र साधंच, समोर जाळी आणि दोन पंखे असलेलं. काच आणि रंगीत दिवे यांचा लँडिंगशी काही संबंध नाही.

जोडणीला एक अख्खा दिवस काढला. टेबल मोकळं केलं, मदरबोर्ड त्याच्या खोक्यावरच ठेवला आणि दर थोड्या वेळाने पॉवर सप्लायच्या धातूला हात लावत राहिले, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, खटका वर करायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनाने आत बसतो. दाबायचं अजिबात नाही. तो टक असा बसल्यावर मी थोडा वेळ त्याच्याकडे बघतच राहिले.

कूलरने मात्र दमवलं. ५६०० बरोबर जो रेथ स्टेल्थ कूलर येतो, तो चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी थेट बोर्डामागच्या धातूच्या पट्टीत बसतो. त्यासाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात. कंस काढले की मागची पट्टी धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि बोर्ड उचलला की ती खाली पडते. ती पट्टी डाव्या हाताने मागून धरायची, उजव्या हाताने कूलर वरून टेकवायचा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडा थोडा पिळायचा. एक स्क्रू एकदम घट्ट केला तर दुसरी बाजू उचलते. थर्मल पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, त्यामुळे तो टेकवून पुन्हा उचलणंही बरं नाही. तीन वेळा सराव केला, पेस्टला स्पर्श होऊ न देता, आणि मग एकदाच टेकवला.

बाकी जोडणी सुरळीत झाली. एक गोष्ट आधी करून ठेवली ते बरं झालं: प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर बोर्ड बसवण्याआधीच कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यातून ओढून घेतली. बोर्ड बसल्यावर तिथे बोट शिरत नाही.

संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. पाच मिनिटं काळाच. मी धाकट्या भावाला फोन लावला, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

"ताई, घाबरू नकोस. बोर्डावर कडेला चार बारीक दिवे असतील. कुठला लागलाय?"

डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा लागला होता.

"मग रॅमच. प्रोसेसरपासून मोज, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे ना?"

"दुसऱ्या आणि चौथ्याच."

"खटका दोन्ही बाजूंना आहे की एकाच?"

मी टॉर्च लावून बघितलं. वरच्या बाजूला खटका होता, खाली ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला नुसती स्थिर खाच. वरचा खटका टक वाजला की पट्टी बसली असं मी धरून चालले होते. कार्ड काढलं आणि बाजूने डोळा लावून बघितलं. चौथ्या खाचेतल्या पट्टीचं खालचं टोक अगदी एक-दीड मिलिमीटर वर राहिलं होतं, सोनेरी पट्ट्यांची बारीक कड दिसत होती. भाऊ म्हणाला, "दोन्ही टोकांना अंगठे ठेव आणि आधी खालचं टोक दाब. बोर्ड वाकल्यासारखा वाटेल, वाटू दे." बोर्ड खरंच किंचित वाकला आणि पट्टी बसल्याचा बारीक आवाज बोटांना जाणवला. पुन्हा बटण दाबलं. यावेळीही जवळजवळ मिनिटभर पडदा काळा होता, कारण पहिल्या वेळी बोर्ड रॅमची ओळख करून घेतो. ते भावाने आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी बटण बंद करून पुन्हा सगळं उघडत बसले असते. मग बायॉस उमटलं. ३२ जीबी. प्रोसेसर ३८ अंश.

विंडोज, ड्रायव्हर, सिम्युलेटरची डाउनलोड यात दीड दिवस गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्याच दिवशी ला ग्वार्डिया. उंचावर पंचेचाळीस-पन्नास फ्रेम. क्वीन्सवर आल्यावर तीस, धावपट्टीच्या तोंडाशी बावीस. विमान उतरलं, पण दोन उड्या मारून. लॅपटॉपपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं, तरी चित्राला हिसके बसत होते आणि तक्त्यावर पुन्हा तोच शब्द, मेनथ्रेड. खरं सांगायचं तर त्या रात्री मी खूप निराश झाले. नव्या प्रोसेसरलाही हे झेपत नसेल तर पुढे काय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. वेग लिहिला होता २१३३. रॅम ३२०० ची, पण नव्या बोर्डावर ती आपोआप त्या वेगाने धावत नाही. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं, तोवर ती सावध, हळू वेगानेच चालते. रायझनमध्ये तर प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाहिनीही रॅमच्या वेगाशी बांधलेली असते, त्यामुळे रॅम हळू तर प्रोसेसरही आतून हळू. एक्सएमपी चालू केलं, बावीसच्या सव्वीस झाल्या. चार फ्रेम एका खुणेने मिळाल्या.

मग सेटिंग्ज घेऊन बसले. सगळं एकदम खाली न आणता एकेक बदलायचं, तेच विमान, तीच धावपट्टी, तीच दुपार, आणि आकडा लिहून ठेवायचा. वही भरली. त्यातून दोन गट पडले. ढग, सावल्या, पोत, प्रतिबिंबं ही ग्राफिक्स कार्डाची कामं, त्यांनी जमिनीलगत काही फरक पडत नव्हता, म्हणून ढग उंच दर्ज्याचेच ठेवले. प्रोसेसरला जड होतं ते टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे जमीन किती लांबपर्यंत बारकाईने दाखवायची ते. ते २०० वरून १०० वर आणलं. विमानतळावरच्या गाड्या आणि कामगार कमी केले. रहदारीतली इतर विमानं बंद केली. कॉकपिटमधल्या काचेच्या पडद्यांचा ताजं होण्याचा दर कमी केला, त्याचा फायदा माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. आता धावपट्टीच्या तोंडाशी छत्तीस.

आणि तरीही चित्र गुळगुळीत वाटत नव्हतं! छत्तीस, एकेचाळीस, तेहतीस, अठ्ठेचाळीस असं ते सतत हलत होतं. डोळ्याला वेग तितका कळत नाही, वेगातला बदल कळतो. माझा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. छत्तीस फ्रेम साठात समान वाटल्या जात नाहीत. एखादी फ्रेम एकदा दिसते, एखादी दोनदा, आणि डोळ्याला तोच हिसका वाटतो. मी व्हीसिंक, म्हणजे फ्रेम पडद्याच्या ताजं होण्याशी जुळवणारी सोय, चालू करून फ्रेम ३० वर बांधल्या. आता प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, प्रत्येकीला ३३ मिलिसेकंद, ना जास्त ना कमी. आकडा कमी झाला आणि विमान तेलावर चालावं तसं चालायला लागलं. वेगवान खेळांत तीस फ्रेम कुणी चालवून घेणार नाही. सेसनाला त्या भरपूर आहेत, फक्त जमिनीपर्यंत त्या तीसच राहिल्या पाहिजेत.

अधूनमधून एखादा मोठा झटका उरला होता. हा सिम्युलेटर जगाचा नकाशा उडता उडता इंटरनेटवरून घेतो. मूळ माहितीचा साठा दोन पेटाबाइटांहून मोठा, तो कुणाच्या डिस्कवर मावणार? फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून बनवलेल्या खऱ्यासारख्या इमारती, बंद केली तर झटके थांबले, पण मॅनहॅटन ओळखू येईना, आणि डावीकडे मॅनहॅटन दिसावं म्हणून तर ही धावपट्टी निवडलेली. शेवटी वायफाय सोडून राउटरपासून केबल ओढली आणि रोलिंग कॅश, म्हणजे उतरवलेला नकाशा साठवायची जागा, एसएसडीवर मोठी केली. एकदा गेलेल्या वाटेवर नंतर झटका आला नाही.

आता जॉयस्टिक. यादीत ती ग्राफिक्स कार्डाच्याही वर होती. तिच्यावर मी पैसे घातले, आणि पुन्हा घालीन. लॅपटॉपबरोबरची माझी जुनी जॉयस्टिक साध्या पोटेन्शिओमीटरची होती. त्यात एक पाता पट्टीवर घासत फिरतो. पट्टी झिजली की हात स्थिर असला तरी आकडा थरथरतो. विंडोजच्या कॅलिब्रेशनच्या चौकटीत तो अधिकच्या चिन्हासारखा छोटा ठिपका मी हात न लावता नाचताना बघितला आहे. फ्लेअरच्या वेळी नाक एक अंशाने वर घ्यायचं असतं आणि तिथे ही थरथर. नवी घेतली ती थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम. तिच्या मुख्य दांड्यात चुंबक आणि त्याची हालचाल ओळखणारे हॉल सेन्सर आहेत, काही घासत नाही, म्हणून पट्टी झिजण्याचा प्रश्न येत नाही. दांडा पिळला की रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, चालतो, त्यामुळे पायाचे पेडल वेगळे घ्यावे लागले नाहीत.

जॉयस्टिक टेबलावर ठेवली तर खांदा वर उचलला जातो आणि पंधरा मिनिटांत हात जड होतो. मी एक फळी टेबलाच्या खाली, मांडीच्या थोडं वर, दोन क्लॅम्पनी बसवली आणि जॉयस्टिक तिच्यावर स्क्रूंनी पक्की केली. कोपर काटकोनात येतं, मनगट फळीवर टेकतं आणि दांडा फक्त बोटांनी हलतो. त्याबरोबर संवेदनशीलतेचा वक्र मधल्या भागात मऊ केला, म्हणजे दांडा मध्याजवळ थोडा हलला तर विमान अगदीच थोडं हलतं. ट्रिम दोन बटणांवर घेतली. ट्रिम नीट लावली की दांडा सोडला तरी विमान वेग धरून राहतं. लॅपटॉपवर मी दांड्याशी झटापट करत खाली यायचे; ट्रिम कळल्यावर दोन बोटं पुरली.

शेवटची भर फुकटची होती. ओपनट्रॅक नावाचा मोफत प्रोग्रॅम साध्या वेबकॅमने आपल्या डोक्याची हालचाल ओळखतो. मान थोडी डावीकडे वळवली की कॉकपिटमधली नजर डावीकडे वळते. धावपट्टीला समांतर उडताना ती खांद्याच्या किती मागे राहिली हे मान वळवून बघता येणं, हे बटण दाबून बघण्यापेक्षा फार वेगळं आहे. वळण कधी घ्यायचं ते अंदाजाने न घेता बघून घेता येतं.

सगळं जागेवर आल्यावर एका शांत रात्री पुन्हा निघाले. क्वीन्सच्या छपरांवरून ६५ नॉट, फ्लॅप पूर्ण, ट्रिम लावलेली. धावपट्टीच्या कडेचे दिवे दोन पांढरे, दोन लाल, म्हणजे उतार बरोबर. डावीकडे मॅनहॅटन, नजरेच्या कोपऱ्यात. पन्नास फूट. मी तक्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कानाने कळत होतं, इंजिनच्या आवाजात आणि चित्रात फट नव्हती. थ्रॉटल मागे. नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला. जमीन वर यायला लागली आणि तिचा वर येण्याचा वेग मला दिसत होता, पहिल्यांदाच दिसत होता. बोटांनी दांडा जरासा मागे घेतला, थांबले, अजून जरासा. वेग फार उतरल्याचा इशारा देणारी स्टॉलची शिट्टी वाजली, मागची चाकं टेकली, नाकाचं चाक मी धरून ठेवलं आणि वेग उतरल्यावर ते आपसूक खाली आलं.

सात हजार फुटांची धावपट्टी, तिचा अर्ध्याहून जास्त भाग अजून समोर पडलेला. मी ब्रेक लावून मधेच थांबले आणि विमानतळाचा नकाशा उघडला. इथून कुठल्या टॅक्सीवेवर वळायचं ते मला माहीत नव्हतं, इथपर्यंत मी कधी आलेच नव्हते.